बोटांची सावली

त्वचेच्या डॉक्टरांचा फोन सकाळी कार्यालय उघडता उघडताच आला. त्यांच्याकडे एक बाई आली होती. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं, अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन, भाजलेली होती. टरारून फोड आलेले, कातडी सुटायला लागलेली. आणि बाई ठामपणे सांगत होती की ती कशानेही भाजलेली नाही. गरम भांडं नाही, वाफ नाही, अ‍ॅसिड नाही.

"काम काय करते?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

"बियांवर संशोधन. मी विचारलं, तुमच्याकडे एक्स-रेचं मशीन आहे का? तर म्हणाली, आहे, पण अगदी छोटंसं आहे."

निरीक्षकबाईंनी संस्थेचा पत्ता लिहून घेतला.

किरण सुरक्षा विभागात त्यांची अर्धी हयात गेली होती. दवाखान्यांतली, कारखान्यांतली, प्रयोगशाळांतली एक्स-रे मशीनं तपासायची आणि कुठे इजा झाली तर ती कशी झाली हे शोधायचं, एवढंच त्यांचं काम. मागच्या महिन्यात त्यांची आई गेली. वर्षभर अंथरुणाला खिळून होती. भरवणं, पुसणं, कूस वळवणं, सगळं यांनीच केलं. आई गेली तेव्हा त्यांना रडू आलं नाही आणि अजूनही आलेलं नव्हतं. आठवडाही उलटला नाही तोच त्या कामावर हजर झाल्या. सगळे म्हणाले, रजा घ्या. पण घरी बसून काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

संस्थेच्या विभागप्रमुखांनी त्यांना बसवून घेतलं आणि न विचारताच सगळं सांगून टाकलं. झालं ते वाईट झालं. मुलगी हुशार आहे, पण जरा धांदरट. तिने काहीतरी निष्काळजीपणा केला असणार. नाहीतर मग कंपनीचा इंजिनिअर. महिन्याच्या मध्यावर तो मशीनची देखभाल करून गेला आणि पुढच्याच आठवड्यात हिची बोटं लाल झाली. यावरून काय ते समजा.

"मशीन कोण सांभाळतं?"

"उस्ताद. म्हणजे आम्ही सगळे त्याला उस्तादच म्हणतो. तिचाच नवरा. फार हळवा झालाय बिचारा. त्याला जास्त ताणू नका."

उस्ताद दाराबाहेरच उभा होता. पस्तिशीचा, उंच, दाढी वाढलेली. त्याने निरीक्षकबाईंना तळघरातल्या मशीनच्या खोलीकडे नेलं. दाराला बोट टेकवून उघडायचं कुलूप होतं. उस्तादच्या डाव्या हातात फायली होत्या. त्या त्याने उजव्या हातात घेतल्या, मग डावा अंगठा काचेवर टेकवला. दार उघडलं.

मशीन घरातल्या लहान फ्रीजएवढं होतं. पोलादी पेटी, पुढे जाड दार, दाराला शिशाची काच, वर पिवळा दिवा. आत एका बाजूला किरण सोडणारी नळी, दुसऱ्या बाजूला ते टिपणारा पडदा आणि मधे काडीएवढ्या दांडीवर फिरणारी इवलीशी चकती. तिच्यावर बी, किड्याचा पाय, हाडाचा कण, काय हवं ते चिकटवायचं. ते सावकाश फिरत राहतं, शेकडो चित्रं निघतात आणि बी न फोडताच तिच्या पोटातलं सगळं दिसतं. चित्रं पाहायचा संगणक खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात होता. मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाची त्याच्याकडे पाठ होत होती.

"दार उघडलं तर?"

"किरण तिथल्या तिथे बंद. दारात लोहचुंबक आहे. चौकटीतल्या बटणाला चुंबक समोर असल्याचं कळलं, तरच किरण सुरू होतात. दार हललं की सगळं बंद. आणि किरण सुरू असले की वरचा दिवा लागतो."

त्याने करून दाखवलं. दिवा लागला. दार ओढल्याबरोबर विझला. निरीक्षकबाईंनी आपलं मोजयंत्र आत धरलं. काटा हलला नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मशीन एकदाही चुकलं नाही.

म्हणजे कोडं हे होतं. दार बंद असताना हात आत जाणं शक्य नव्हतं. दार उघडं असताना आत किरण नव्हते. आणि तरीही तीन बोटं जळली होती.

त्यांनी विजेरी घेऊन चौकट न्याहाळली. बटणावर धुळीचा पातळ थर होता. त्यात नाण्याएवढा एक गोल तेवढा स्वच्छ होता.

"हे काय?"

उस्तादने वाकून पाहिलं. "इंजिनिअरने पुसलं असेल," तो म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत त्या विभागातल्या इतर संशोधकांशी बोलल्या. जळलेल्या बोटांच्या बाईला सगळे 'बीवाली' म्हणत. ती उस्तादशी लग्न करून आली, तेव्हा कुणीतरी 'उस्तादची बीवाली' असा विनोद केला होता आणि ते नावच पडलं. दुष्काळी रानातल्या गवताच्या बिया वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात आणि एक दिवस अचानक रुजतात. त्या दिवशी आत नेमकं काय हलतं, हे ती शोधत होती. ती धांदरट आहे असं मात्र विभागप्रमुख सोडून कुणीच म्हणालं नाही. उस्तादचं तर सगळे तोंड भरून कौतुक करत होते. त्याच्या हाताला काय गुण आहे कोण जाणे, असं एक जण म्हणाला. नमुना चकतीवर अगदी सरळ बसवणं हे सगळ्यात किचकट काम. जरा बसवायचा, दार लावायचं, नळी तापायची वाट बघायची, चित्र पाहायचं, वाकडा दिसला की दार उघडून पुन्हा पहिल्यापासून. इतरांचा अख्खा तास जायचा. उस्ताद सगळ्यांना खोलीबाहेर काढायचा, दार लोटायचा आणि बोलावणं यायचं तोवर चहासुद्धा संपलेला नसायचा.

"आत काय करतो, कधी पाहिलं नाहीत?"

"त्याला एकाग्रता लागते म्हणतो."

दुपारी कंपनीचा इंजिनिअर आला. नोकरी जाणार अशी धास्ती त्याच्या चेहऱ्यावर होती, पण बोलणं सरळ होतं.

"तुम्ही आलात तेव्हा मशीनमध्ये काही बिघाड होता?"

"नाही. दार, बटण, सगळं ठीक होतं. फक्त वरचा दिवा लागत नव्हता. मला वाटलं, गेलाय. पण तो नुसता सैल होता. अर्धा आटा फिरवला आणि लागला."

"दिवा आपोआप सैल होतो?"

"या मशीनमध्ये हलणारं असं काही नाही. मी तरी कधी पाहिला नाही."

"तुमची फेरी ठरलेलीच होती?"

"छे. पुढच्या मोसमात होती. उस्तादसाहेबांनी मुद्दाम फोन करून बोलावलं. मी येईपर्यंत मशीन बंद ठेवलंय, असंही म्हणाले."

निरीक्षकबाईंनी त्याला आणखी एकच विचारलं. संगणकावरची चित्रं कुणी पुसली असतील तर परत मिळतात का? इंजिनिअर म्हणाला, संगणकावरून नाही मिळत. पण नमुना बसवताना पडद्यावर जे दिसतं, त्याची लहान चित्रं मशीन स्वतःच्या पोटात साठवून ठेवतं. नेहमीच्या वापरात ती कुणाला लागत नाहीत, त्यामुळे कुणी तिकडे फिरकत नाही. फक्त कंपनीची माणसं ती उघडू शकतात. निरीक्षकबाईंनी त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी यायला सांगितलं.

मग त्या बीवालीच्या घरी गेल्या. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर होतं. दार तिच्या आईने उघडलं. लेकीच्या दुखण्यासाठी त्या मुक्कामाला आल्या होत्या. बीवाली खिडकीशी बसली होती. पट्ट्या बांधलेला हात उशीवर, जणू दुसऱ्या कुणाचा तरी तिथे ठेवून दिल्यासारखा. ती शांतपणे, एका सुरात बोलत होती. डॉक्टर म्हणतात, दोन बोटांची टोकं जातील. कदाचित तिन्ही. तिने हे असं सांगितलं जसं कुणी पाणी येण्याची वेळ सांगावी.

"तुमच्या हातून काही चुकलं असं तुम्हाला वाटतं?"

"सगळे म्हणतायत. मी रोज आठवून बघते. दिवा विझलेला नसताना मी कधीच दार उघडलं नाही."

"मशीनच्या आत बोटं बराच वेळ ठेवल्याचं आठवतं?"

"एकदाच. महिन्याच्या सुरुवातीला. बीचा डिंक सुटला होता. दिवा बंद होता, म्हणून दार उघडलं आणि डिंक धरेपर्यंत बी चिमटीत धरून उभी राहिले. नळीच्या अगदी तोंडाशी. पण त्या दिवशी काहीच झालं नाही. ना चटका, ना काही. बोटं लाल व्हायला लागली ती तिसऱ्या आठवड्यात."

"तेव्हा खोलीत कोण होतं?"

"कुणी नाही. हा सरांच्या बैठकीला गेला होता. मी डिंक लावत असतानाच परत आला."

एवढ्यात उस्तादही घरी आला आणि स्वयंपाकघरात गेला. थोड्या वेळाने चहाचे दोन काचेचे पेले घेऊन बाहेर आला, एक डाव्या हातातल्या ताटलीवर, दुसरा उजव्या हातात नुसताच. उजव्या हातातला त्याने सासूबाईंपुढे धरला. त्यांनी हात लावला आणि झटकन मागे घेतला. पेला त्याच्याच हातात होता म्हणून वाचला.

"जावईबापू, किती वेळा सांगायचं, कपात आणत जा. उकळता चहा आणि काचेचा पेला. तुमचे हात आहेत की चिमटे?"

उस्तादने ओशाळून पेला खाली ठेवला. ताटलीवरचा निरीक्षकबाईंसमोर ठेवला. त्यांनी पेल्याला बोट लावून पाहिलं. धरवत नव्हता.

तो कपडे बदलायला आत गेला, तशी बीवाली हळू आवाजात म्हणाली, "त्याला काही बोलू नका. माझ्यासाठी किती करतोय. भरवतो, वेणी घालतो. आणि आता कळल्यावरच असं नाही. या महिन्याच्या सुरुवातीपासून त्याने मला भांड्यांना हात लावू दिलेला नाही. रोज झोपताना उजव्या हाताला मलम चोळायचा. मी हसायचे. म्हणायचे, नवं लग्न झालंय का आपलं?"

निरीक्षकबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग तो चहा निवेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनिअरने मशीनच्या पोटातली चित्रं उघडली. दोघांनी ती एकेक करून पाहिली. एका चित्रापाशी इंजिनिअर थांबला आणि त्याने ते कागदावर छापून घेतलं.

दुपारी विभागप्रमुखांच्या खोलीत सगळे जमले. विभागप्रमुख, इंजिनिअर, उस्ताद आणि बीवाली. तिला येण्याची गरज नाही, असं उस्ताद म्हणाला होता. ती आईला घेऊन आली. आई बाहेर बाकावर बसली.

निरीक्षकबाई उभ्या राहिल्या नाहीत. खुर्चीतूनच, अहवाल वाचून दाखवावा तशा बोलू लागल्या.

"एक्स-रेने भाजलेलं लगेच कळत नाही. ते गरम लागत नाही, दुखत नाही. कातडी आतून मरते आणि वर यायला दोन-तीन आठवडे घेते. बोटं तिसऱ्या आठवड्यात लाल झाली. म्हणजे इजा महिन्याच्या सुरुवातीची. इंजिनिअर आला तो मध्यावर. त्याचा संबंध नाही."

इंजिनिअरने मान खाली घातली.

"महिन्याच्या सुरुवातीला या एकदा नळीच्या तोंडाशी बी धरून उभ्या होत्या. दार उघडं होतं, दिवा बंद होता. तरी किरण सुरू होते. हे मशीनने स्वतःच टिपून ठेवलंय." त्यांनी एक कागद टेबलावर ठेवला. करड्या पार्श्वभूमीवर तीन बोटांची हाडं होती, आणि त्यांच्या चिमटीत एक बी.

बीवालीने ते चित्र बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे हिनेच काहीतरी..." विभागप्रमुख म्हणाले.

"किरण सुरू आहेत हे माहीत असतं तर कुणी त्यात बोटं धरून उभं राहील का? त्यांना माहीत नव्हतं. दिवा विझलेला होता कारण कुणीतरी तो अर्धा आटा सैल केला होता. दार उघडं असून किरण सुरू होते कारण बटणावर दुसरा चुंबक चिकटवलेला होता. धुळीत त्याचा गोल अजून आहे. मशीनला वाटत होतं की दार बंद आहे."

"पण असं कोण कशाला करेल?"

"घाईसाठी. दार उघडं ठेवून, मान मागे वळवून संगणकावर जिवंत चित्र बघत नमुना चिमट्याने हलवला, तर तासाचं काम काही मिनिटांत होतं. दिवा जळताना कुणी पाहिला तर बोंब होईल, म्हणून तो सैल. हे त्या एकाच दिवशी झालेलं नाही. मशीनच्या पोटात दोन वर्षांची अशी चित्रं आहेत ज्यात चिमट्याचं टोक दिसतं. इथे एकच माणूस सगळ्यांना बाहेर काढून नमुने बसवत होता."

सगळ्यांनी उस्तादकडे पाहिलं.

"चिमटा लांब होता, म्हणून त्याची बोटं जळली नाहीत. पण दोन वर्षं थोडं थोडं लागत राहिलं. त्यानेही बोटं बिघडतात. टोकांवरच्या रेषा झिजतात, स्पर्श जातो. ज्या दाराला सगळे उजवं बोट लावतात, ते तुम्ही डाव्या अंगठ्याने उघडता. डावा हात मोकळा नसला तरी तो मोकळा करून घेता. उकळत्या चहाचा पेला तुम्ही उजव्या हातात धरून उभे राहता."

उस्तादने आपले हात टेबलाखाली घेतले.

"एवढ्यावरून मी फक्त म्हटलं असतं की चुंबक तुमचा होता. अपघात तुम्हाला माहीत होता हे मला काल तुमच्या घरी कळलं. ज्या हाताला अजून काहीच झालेलं दिसत नव्हतं, त्याला तुम्ही पहिल्या दिवसापासून मलम लावत होता. या हाताचं पुढे काय होणार, हे त्या वेळी तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं."

मग उस्ताद बोलला. आवाज चढला नाही, फुटला नाही. सकाळीच त्याने तिची बी बसवायला घेतली होती. तिचं काम मागे पडलं होतं आणि सरांना आठवड्याच्या आत चित्रं हवी होती. मधेच बैठकीचं बोलावणं आलं, तो सगळं तसंच टाकून गेला. परत आला तर ती मशीनसमोर पाठमोरी उभी, आणि संगणकावर तिच्या बोटांची हाडं. त्याने किरण बंद केले. तिच्या नकळत चुंबक काढला. दिव्याचं ध्यानातच राहिलं नाही. वाटलं, कदाचित कमी लागलं असेल, कदाचित काहीच होणार नाही. इंजिनिअरला बोलावलं, म्हणजे उद्या काही झालंच तर तारखांचा गोंधळ उडेल. मग बोटं लाल झाली. सगळे म्हणाले, हिची चूक. त्याने ते म्हणू दिलं.

"लगेच सांगितलं असतंस तर बोटं वाचली असती?" बीवालीने विचारलं. पण ती त्याच्याकडे पाहत नव्हती. प्रश्न निरीक्षकबाईंना होता.

"सगळी वाचली असती असं नाही," त्या म्हणाल्या. "पण फोड यायच्या आधी उपचार सुरू झाले असते. किती वाचलं असतं ते कुणी सांगू शकणार नाही."

बीवालीने मान हलवली. मग पहिल्यांदाच ती नवऱ्याकडे वळली.

"त्या दिवशी तू म्हणालास, चल, आज लवकर घरी जाऊ. रस्ताभर माझा हात धरून चाललास. लग्नानंतर इतक्या वर्षांत कधी रस्त्यात हात धरला नव्हतास. मला किती बरं वाटलं होतं त्या दिवशी."

विभागप्रमुख खिडकीबाहेर बघू लागले. बीवाली उठली, डाव्या हाताने दार उघडलं आणि बाहेर बाकावर आईशेजारी जाऊन बसली.

पुढे जे व्हायचं ते झालं. उस्तादचा मशीन चालवण्याचा परवाना रद्द झाला, त्याच्यावर खटला उभा राहिला आणि त्याने एकही आरोप नाकारला नाही. घाईसाठी तगादा लावल्याबद्दल विभागप्रमुखांना पद सोडावं लागलं. इंजिनिअरवरचा ठपका पुसला गेला. बीवालीच्या दोन बोटांची टोकं काढावी लागली, अंगठा वाचला. ती आईकडे राहायला गेली. नवऱ्याबद्दल तिने वाईट शब्द काढला नाही आणि त्याला भेटलीही नाही.

साक्षीच्या कामासाठी निरीक्षकबाईंनी तिला फोन केला तेव्हा हवा बदलायला लागली होती. कामाचं बोलून झालं. ठेवायच्या आधी, असं त्या कुणालाच विचारत नसत, तरी त्यांनी विचारलं की हात दुखतो का.

"आतापर्यंत काही कळतच नव्हतं," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यापासून दुखायला लागलाय. खूप दुखतो. डॉक्टर म्हणतात, हे चांगलं लक्षण आहे."

निरीक्षकबाई म्हणाल्या, हो, चांगलंच आहे. फोन ठेवला. समोर दुसऱ्या एका मशीनचे कागद पडले होते. ते त्यांनी बाजूला सारले, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच, उद्याच्या रजेचा अर्ज लिहायला घेतला.